थेंब नेमका कुठून पडतो?

जुन्या स्प्लेंडरखाली सकाळी पेट्रोलचा डाग दिसला की अनेकजण थेट नवा कार्बोरेटर विकत आणतात. बहुतेकदा हा खर्च वाया जातो.

कार्बोरेटरच्या तळाशी एक छोटी वाटी असते. तिच्यात पेट्रोल भरत गेलं की फ्लोट वर उचलला जातो आणि टोकदार नीडल आत ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो. संडासाच्या टाकीतला फुगा असंच काम करतो. नीडलच्या टोकावर कचऱ्याचा कण अडकला किंवा झिजून खाच पडली, की वाट पूर्ण बंद होत नाही. जास्तीचं पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून ठिबकतं. मेकॅनिक स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर टकटक करतो ते हा कण सुटावा म्हणून. गळती थांबतेही, पण पेट्रोलच्या टाकीतला गंज पुन्हा येणारच.

म्हणून आधी थेंब कुठून येतो ते बघा. नळीतून येत असेल तर दोष नीडलचा किंवा फ्लोटचा. वाटीच्या सांध्यातून येत असेल तर गॅस्केट बदला. फ्लोट काढून कानाशी हलवून पाहा. आत पेट्रोल खळखळलं तर तो छिद्र पडून जड झालाय. नीडल बदलताना तिची सीट, म्हणजे ती जिथे टेकते ती जागाही तपासा, पण पॉलिश पेपरने घासू नका.

हे काम करताना इंजिन थंड हवं, पेट्रोल कॉक बंद हवा आणि विडी-सिगारेट लांब. गळतं पेट्रोल सिलिंडरमार्गे इंजिन ऑइलमध्येही उतरू शकतं. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर तेही बदला.