खेळाडूचा गुडघा कोणाच्या हाती? क्रीडा फिजिओथेरपिस्ट होण्याची वाट

पिरंगुट परिसरात कबड्डीचे सामने भरले, की एक प्रसंग हमखास पाहायला मिळतो. चढाईला गेलेला मुलगा पकडीतून निसटताना पाय रोवतो, अंग वळते आणि गुडघा तिथेच अडकतो. मुलगा खाली बसतो. कोणी स्प्रे मारते, कोणी पाय ओढून बघते, कोणी तेल चोळायला घेते. पाच मिनिटांत तो लंगडत पुन्हा मैदानात उतरतो. या पाच मिनिटांत काय करायचे आणि काय टाळायचे, हे रीतसर शिकवणारे शिक्षण आहे. आपल्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला त्या वाटेने जायचे असेल, तर सुरुवातीपासून पाहू या.

आधी नाव नीट समजून घेऊ

अमेरिकेत हे काम करणाऱ्याला ॲथलेटिक ट्रेनर म्हणतात. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये स्थापन झाली आणि १९९० मध्ये तिथल्या वैद्यकीय संघटनेने हे काम आरोग्यव्यवसाय म्हणून मान्य केले. भारतात अशी वेगळी परवानाधारक शाखा रूढ नाही. आपल्याकडे हे काम मुख्यतः क्रीडा फिजिओथेरपिस्ट करतात. फिजिओथेरपी म्हणजे व्यायाम, हाताने केलेले उपचार आणि काही उपकरणे यांच्या मदतीने शरीराची हालचाल पूर्ववत करण्याचे शास्त्र.

पहिली चूक इथेच होते. जिममधला ट्रेनर धडधाकट माणसाकडून व्यायाम करून घेतो, प्रशिक्षक खेळ शिकवतो. दुखापत तपासून उपचार ठरवणे हे या दोघांचे काम नाही. जिम ट्रेनरचे काही आठवड्यांचे प्रमाणपत्र घेऊन क्रीडा फिजिओ होता येत नाही. तसे कोणी सांगत असेल, तर फी भरू नये.

पहिला टप्पा: अकरावीचे विषय

विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या जोडीने जीवशास्त्र घ्यावे. खेळात रमलेली मुले कधीकधी अभ्यास कमी पडेल म्हणून जीवशास्त्र सोडून देतात आणि बारावीनंतर ही वाट बंद झाल्याचे त्यांना कळते.

दुसरा टप्पा: प्रवेशपरीक्षा

महाराष्ट्रात फिजिओथेरपीच्या पदवीला, म्हणजे बीपीटीएचला, नीट या परीक्षेच्या आधारे प्रवेश मिळतो. परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. नीटनंतर राज्याच्या सीईटी कक्षाकडे वेगळी नोंदणी करावी लागते आणि महाविद्यालयांचा पसंतिक्रम भरावा लागतो.

इथे दोन चुका वारंवार होतात. काही जण फक्त एमएचटी-सीईटी देतात. ती अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी अशा शाखांसाठी आहे. काही जण नीट देतात, पण राज्याच्या नोंदणीची तारीख चुकवतात. अधिवास, जात आणि उत्पन्नाचे दाखले निकालापूर्वीच काढून ठेवावेत. पौडच्या तहसील कार्यालयात जून महिन्यात किती गर्दी असते, ते आपल्याला माहीत आहेच.

तिसरा टप्पा: महाविद्यालय निवडणे

पिरंगुटहून जाऊन येऊन शिकता येईल अशी महाविद्यालये आहेत. शिवाजीनगरला संचेती, धनकवडीला भारती विद्यापीठ आणि पिंपरीला डी. वाय. पाटील येथे हा अभ्यासक्रम चालतो. काही महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, तर काही अभिमत विद्यापीठांची आहेत. दोन्हींची फी आणि प्रवेशाची पद्धत वेगळी असते.

इमारत पाहून निर्णय घेऊ नये. तीन प्रश्न विचारावेत: राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेची मान्यता चालू आहे का? स्वतःचे किंवा जोडलेले रुग्णालय आहे का? विद्यार्थ्याच्या हाताखालून रोज किती रुग्ण जातात? हे शास्त्र अर्धे पुस्तकात आणि अर्धे बोटांत असते.

चौथा टप्पा: पदवीची वर्षे

आजवर हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा होता, त्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप. फिजिओथेरपीसारख्या आरोग्यव्यवसायांसाठी २०२१ च्या कायद्याने राष्ट्रीय आयोग स्थापन झाला. आयोगाच्या २०२५ च्या नव्या अभ्यासक्रमात एकूण पाच वर्षे आहेत आणि त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. आपल्या तुकडीला कोणता अभ्यासक्रम लागू आहे, ते प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे.

सुरुवातीला शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय असतात. मग हालचालीचे यांत्रिक शास्त्र येते आणि त्यानंतर हाडे-सांधे, मेंदू-मज्जातंतू, हृदय-फुप्फुसे यांचे आजार व उपचार. मुलांना वाटते, आपल्याला खेळाडूंवर उपचार करायचे आहेत, मग पक्षाघाताचा रुग्ण कशाला? पण अशक्त रुग्णाला पहिले पाऊल टाकायला शिकवताना जी नजर तयार होते, तीच पुढे खेळाडूच्या धावण्यातला बारीक दोष पकडते.

तपासणारे हात कसे तयार होतात, ते दोन उदाहरणांवरून पाहू. घोटा मुरगळला की विद्यार्थी घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या हाडाची मागची कड खालून सहा सेंटिमीटरपर्यंत दाबून पाहतो. तिथे हाडावरच दुखले किंवा खेळाडूला चार पावलेही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. ही साधी कसोटी कॅनडातल्या ओटावा शहराच्या नावाने ओळखली जाते. गुडघ्याच्या बाबतीत तो सांधा वीस-तीस अंशांत वाकवून एका हाताने मांडी धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगी हलकेच पुढे ओढतात. आतला अस्थिबंध, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, शाबूत असेल तर हाताला ठोस थांबा जाणवतो. तुटला असेल तर पाय मऊपणे पुढे सरकत जातो. हा फरक वाचून कळत नाही. शेकडो गुडघे हाताळले, की तो बोटांना कळतो.

पाचवा टप्पा: इंटर्नशिप आणि नोंदणी

इंटर्नशिप म्हणजे रुग्णालयात देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. सह्या गोळा करून ती उरकू नये. हात तयार होण्याचा हाच काळ आहे.

पदवी मिळाली की राज्याच्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय व्यवसाय करता येत नाही. नोंदणीचे नूतनीकरण विसरणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

सहावा टप्पा: खेळाकडे वळणे

यानंतर दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, एमपीटीएच, येतो. त्यात क्रीडा फिजिओथेरपी हा विषय निवडता येतो आणि प्रबंधही लिहावा लागतो. जागा थोड्या असतात, म्हणून पदवीच्या काळातच मैदानाची सवय करून घ्यावी. बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल आपल्यापासून लांब नाही. तालुक्याच्या स्पर्धांत आयोजकांची आणि आपल्या शिक्षकांची परवानगी घेऊन मदतनीस म्हणून उभे राहावे.

तालमीतही जावे. मुळशी हा कुस्तीचा तालुका आहे. महाराष्ट्र केसरी स्पर्धेशी ज्यांचे नाव जोडले गेले, ते मामासाहेब मोहोळ मुळशीचेच. वस्तादांच्या अनुभवाला मान द्यावा, पण निखळलेला खांदा तिथल्या तिथे ओढून बसवायचा नाही, हे नम्रपणे सांगायलाही शिकावे. हाड मोडले असेल किंवा नस दाबली गेली असेल, तर त्या ओढण्याने आयुष्यभराचे नुकसान होऊ शकते.

परदेशी जायचे असेल तर

अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनर व्हायचे, तर तिथला मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. पदवी पातळीवरच्या अशा अभ्यासक्रमांत २०२२ पासून नवे प्रवेश थांबले आहेत. त्यानंतर राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा आणि बहुतेक राज्यांत परवाना. भारतातल्या फिजिओथेरपीच्या पदवीवर त्या परीक्षेला थेट बसता येत नाही. कर्ज काढण्यापूर्वी हे पक्के लक्षात घ्यावे.

एवढी वर्षे कशासाठी?

आता त्या कबड्डीच्या मैदानावर परत येऊ. शिकलेला फिजिओ धावत येतो. आधी खेळाडूशी बोलतो: ‘आवाज आला का? पाय टेकवता येतो का?’ डोक्याला मार लागल्याची शंका असेल, तर त्या दिवशी खेळ बंद, मग सामना अंतिम असला तरी. गुडघा तपासताना ठोस थांबा लागला नाही, तर तो पायाला आधार देतो आणि खेळाडूला अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवतो. शस्त्रक्रिया झाली तर पुनरागमनाला साधारण नऊ महिने तरी लागतात. त्याआधी उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायचा धोका बराच जास्त असतो. ते महिने खेळाडूच्या सोबत राहणे हेही याच माणसाचे काम.

मैदानाभोवती हजार माणसे ‘उतर, उतर’ म्हणून ओरडत असतात. अशा वेळी एकाने ‘थांब’ म्हणावे लागते आणि ते खेळाडूला पटावे लागते. त्या एका शब्दाला वजन यावे, म्हणून एवढी वर्षे शिकायचे असते. आपल्या गावातली एखादी मुलगी किंवा मुलगा ते वजन कमावणार असेल, तर फॉर्म भरण्यापासूनच त्यांच्या पाठीशी उभे राहू या.