आकडा मोठा की काम मोठं?

मुलांनो, आज एक कोडं घालते. दोन पोळी-भाजी केंद्रं आहेत. पहिल्यात ३५ जणी पोळ्या लाटतात, दुसऱ्यात ३० जणी. पहिल्याची कोठी मोठी, दुसऱ्याची लहान. सांगा पाहू, डबे आधी कुणाचे भरतील?

“पहिल्या केंद्राचे!” असं म्हणालात ना? थांबा, घाई करू नका. त्या जणी किती भराभर लाटतात, हे तुम्ही विचारलंच नाही!

डोंबिवली-कल्याणच्या मुलांना पोळी-भाजी केंद्र म्हणजे काय ते सांगायला नकोच. पण आज आपल्याला गणित करायचं आहे ते कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डाचं. हा हट्ट पुरवायचा तर घरच्यांचे हजारो रुपये जातात. म्हणून मागण्याआधी थोडं समजून घेऊ या.

कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करा : २० लाख ७३ हजार ६००! गेम चालू असताना असं चित्र सेकंदाला ६० वेळा नव्यानं काढायचं, म्हणजे सेकंदाला १२ कोटींहून जास्त ठिपके रंगवायचे. मुख्य प्रोसेसर हा हुशार आचाऱ्यासारखा असतो. अवघडातला अवघड पदार्थ करील, पण एका वेळी थोडेच. ग्राफिक्स कार्डात मात्र हजारो छोटे कामकरी असतात. त्यांना ‘कोअर’ म्हणतात. प्रत्येकाचं काम साधं, पण सगळे एकदम कामाला लागतात. अगदी रांगेत बसून पोळ्या लाटणाऱ्या तायांसारखे!

आता एनव्हिडिया कंपनीची दोन कार्डं समोरासमोर ठेवू. आरटीएक्स ३०६० हे फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं आणि आरटीएक्स ४०६० जून २०२३ मध्ये. आज त्यांच्याहून नवी कार्डं निघाली आहेत. पण आकडे वाचायला शिकायचं, तर ही जोडी फार छान आहे.

कोअर : ३०६० मध्ये ३५८४, ४०६० मध्ये ३०७२
वेग (मेगाहर्ट्झ) : १७७७ आणि २४६०
मेमरी : १२ जीबी आणि ८ जीबी
मेमरीची वाट : १९२ बिट आणि १२८ बिट
वीज : १७० वॅट आणि ११५ वॅट

आहे की नाही गंमत? नव्या कार्डात कामकरी कमी, मेमरी कमी, वाटही अरुंद! मग काय कंपनीनं फसवलं? पेन्सिल घ्या. कोअरची संख्या गुणिले वेग.

३०६० : ३५८४ × १७७७ = ६३,६८,७६८
४०६० : ३०७२ × २४६० = ७५,५७,१२०

कामकरी कमी असूनही नव्या कार्डाचं उत्तर मोठं आलं. म्हणजे ३० जणी, पण हात भलतेच चपळ! प्रत्यक्ष चाचण्यांतही फुल एचडी पडद्यावर बहुतेक गेममध्ये ४०६० साधारण १५ ते २० टक्के पुढे राहतं.

मग अरुंद वाटेचं काय? कोठीतून ओट्यापर्यंत पीठ आणायची वाट अरुंद असेल तर काम अडेल. ३०६० मध्ये मेमरीतून सेकंदाला ३६० जीबी माहिती येऊ शकते, ४०६० मध्ये २७२ जीबी. यावर तोडगा म्हणून नव्या कार्डात ओट्यावरच पिठाचा मोठा डबा ठेवला आहे. त्याला ‘कॅश’ म्हणतात. (पैशांशी याचा काही संबंध नाही बरं का!) जुन्या कार्डात हा डबा ३ एमबीचा होता, नव्यात २४ एमबीचा. डबा हाताशी असला की कोठीत हेलपाटे कमी.

विजेचंही पाहू. दोन्ही कार्डं पुरती राबत असताना फरक ५५ वॅटचा. रोज २ तास खेळलं तर वर्षाला सुमारे ४० युनिट वाचतात. शिवाय खोली कमी तापते. मे महिन्यात डोंबिवलीच्या छोट्याशा खोलीत बसणाऱ्याला याची किंमत विचारा!

तर मग ४०६० जिंकलं? इथंही घाई नको. समजा, काम एवढं मोठं आहे की ८ जीबीच्या कोठीत मावतच नाही. मग उरलेलं सामान शेजारच्या वाण्याकडून, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य मेमरीतून, आणावं लागतं आणि काम रखडतं. ब्लेंडरमध्ये मोठं त्रिमिती दृश्य बनवणारी ताई किंवा घरच्या कॉम्प्युटरवर एआयचे प्रयोग करणारा दादा १२ जीबीचं जुनं कार्डच पसंत करू शकतो. त्याचं काम त्या कोठीत मावतं, हेच त्याला महत्त्वाचं.

अशी कार्डं म्हणजे फक्त खेळ, असं समजू नका. पुण्याच्या सी-डॅकच्या ‘परम सिद्धी-एआय’ या महासंगणकात याच कंपनीच्या मोठ्या चिप आहेत. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत तो ६३ वा होता.

आता पालकांसाठी एक सावधगिरीची गोष्ट. ऑक्टोबर २०२२ पासून ३०६० याच नावाचं ८ जीबीचं कार्डही आलं. त्याची वाट १२८ बिटचीच, आणि कामाला ते १२ जीबीच्या भावापेक्षा बरंच मंद. नाव तेच, खोकंही तसंच! तेव्हा दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडवर जा, नाहीतर ठाण्यातल्या दुकानात जा; खोक्यावरचा जीबीचा आकडा वाचल्याशिवाय पैसे काढू नका. जाहिरातीतलं ‘दुप्पट वेगवान’ हेही नीट वाचा. ४०६० मध्ये दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये अंदाजानं एक चित्र घालायची सोय आहे. ती धरून मोजलं की आकडा फुगतो. तुलना करायची तर दोन्ही कार्डांवर तोच गेम, तोच पडदा आणि त्याच सेटिंग हव्यात. परीक्षेत एकाला सोपा पेपर आणि दुसऱ्याला अवघड दिला, तर गुणांची तुलना होईल का?

आणि मुलांनो, घरचा पडदा ६० हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला ६० चित्रंच दाखवणार. कार्डानं १२० काढली तरी वरची ६० काही पूर्ण दिसायची नाहीत.

तेव्हा आई-बाबांकडे कार्ड मागण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा : काम कोणतं, पडदा कोणता, त्या कामाला मेमरी किती लागते, आणि आत्ताच्या कॉम्प्युटरवर नेमकं काय अडतंय? चौथ्या ओळीत काही लिहिता आलं नाही, तर समजा की कार्डाची गरज अजून आलेली नाही. आणि लिहिता आलं, तर तो कागदच आई-बाबांपुढे ठेवा. हट्टापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.