अर्ल ग्रे चहा

अर्ल ग्रे चहा : बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतील बाष्पनशील तेलाचा सुगंध दिलेला काळा चहा. ‘अर्ल ग्रे’ हे कोणत्याही एका चहामळ्याचे, प्रदेशाचे वा उत्पादकाचे नाव नाही. तसेच या नावाने विकल्या जाणाऱ्या चहाची एक ठरीव कृतीही नाही. मूळ पत्ती कोणती, तेल नैसर्गिक की कृत्रिम, त्याचे प्रमाण किती आणि चहा किती जुना, या चार गोष्टींवर त्याची चव व गंध अवलंबून असतात. त्यामुळे एकाच नावाचे दोन चहा परस्परांहून अगदी भिन्न असू शकतात आणि आपल्या आवडीचा चहा शोधणाऱ्यास वेष्टनावरील नावापेक्षा या चार गोष्टींचे ज्ञान अधिक उपयोगी पडते.

बर्गमॉट : हा वृक्ष (सिट्रस बर्गामिया) रूटेसी कुलातील असून तो आंबट नारिंग व लिंबू यांच्या संकरातून उत्पन्न झाला असावा, असे आनुवंशिकीय संशोधनावरून दिसून येते. त्याची लागवड मुख्यत्वे दक्षिण इटलीतील कालाब्रिया प्रदेशात, रेद्जो कालाब्रिया प्रांताच्या किनारपट्टीवर होते. जगातील बर्गमॉट तेलाचे बहुतांश उत्पादन तेथीलच आहे. फळे नोव्हेंबर ते मार्च या काळात काढतात. गर आंबट व कडवट असल्याने फळ सहसा तसेच खात नाहीत. त्याचे मोल सालीत असते. साल उष्णता न देता दाबून तेल काढतात. त्यात लिमोनीन, लिनॅलिल ॲसिटेट व लिनॅलूल हे प्रमुख घटक असतात. लिमोनिनामुळे लिंबाचा ताजेपणा, तर इतर दोहोंमुळे फुलांसारखा मृदू गंध येतो. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलोन शहरात तयार झालेल्या प्रसिद्ध सुगंधी जलातही हे तेल वापरले जाई. या चहाला ‘अत्तराचा वास येतो’ अशी जी तक्रार काही जण करतात, तिचे मूळ या साम्यात आहे. मोनार्डा या पुदिन्याच्या कुलातील वनस्पतीसही इंग्रजीत बर्गमॉट म्हणतात. तिचा या चहाशी संबंध नाही.

लिनॅलूल हे द्रव्य चहाच्या पानातही नैसर्गिक रीत्या असते आणि दार्जिलिंग चहाच्या गंधात त्याचा मोठा वाटा असतो. बर्गमॉटचा गंध चहात परका न वाटता मिसळून जातो, याचे एक कारण हे होय.

इतिहास : हे नाव दुसरे अर्ल ग्रे चार्ल्स (१७६४–१८४५) यांच्यावरून पडले, असे मानतात. ते १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान होते. त्यांच्याच कारकीर्दीत १८३३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीची चीनबरोबरच्या चहाव्यापारातील मक्तेदारी संपुष्टात आली. एका चिनी अधिकाऱ्याने उपकाराची फेड म्हणून या चहाची कृती त्यांना दिली, ही आख्यायिका मात्र निराधार आहे. ग्रे कधीही चीनला गेले नव्हते. शिवाय चीनमध्ये चहा सुगंधित करीत तो मोगरीसारख्या ताज्या फुलांच्या सहवासात ठेवून. बर्गमॉटचे तेल ही तेथील रीत नव्हे.

उपलब्ध पुराव्यांवरून याचा उगम कमी प्रतिष्ठेचा दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये हलक्या प्रतीच्या चहास बर्गमॉटचा वास देऊन तो भारी म्हणून खपवीत. १८३७ मध्ये एका व्यापारी पेढीवर असा आरोपही झाला होता. ‘अर्ल ग्रे मिश्रण’ या नावाच्या जाहिराती १८८० नंतरच्या दशकात लंडनमध्ये आढळतात. पुढे ट्वायनिंग्ज व जॅक्सन्स ऑफ पिकॅडिली या दोन्ही पेढ्यांनी मूळ कृती आपलीच असल्याचा दावा केला. हे नाव कोणा एकाच्या मालकीचे न राहिल्यामुळे जगभरचे उत्पादक ते वापरतात. भेसळीसाठी वापरला गेलेला गंध अशा रीतीने अभिजाततेची खूण बनला; तथापि सुगंधाखाली हलकी पत्ती झाकता येते, ही त्यातील मूळ अडचण अद्यापि कायम आहे.

निर्मिती : तयार काळ्या चहावर तेल फवारून वा घोळवून ते पत्तीत मुरू देतात. आरंभी चिनी पत्ती, विशेषतः कीमुन, वापरीत. आता दार्जिलिंग, आसाम, निलगिरी व श्रीलंका येथील पत्तीही वापरतात. दार्जिलिंग पत्तीत चहा हलका व पुष्पगंधी, निलगिरीत स्वच्छ व तजेलदार, तर आसाम पत्तीत दाट रंगाचा व कडक होतो. नैसर्गिक तेलाऐवजी कृत्रिम गंधद्रव्ये वापरल्यास वास डबा उघडताच तीव्र येतो, परंतु तो बहुधा एकसुरी असतो. भारतात अशा चहाच्या वेष्टनावर तो सुगंधित चहा असल्याचा व गंध कोणता याचा उल्लेख करणे आवश्यक असते.

गवती चहाशी तुलना : ठाणे रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेकडील नौपाड्यासारख्या जुन्या मराठी वस्तीत चहा म्हणजे सामान्यतः दूधसाखर घालून उकळलेला सीटीसी पुडीचा चहा. त्यात पावसाळ्यात आले व गवती चहाची पात घालण्याचा प्रघात महाराष्ट्रात सर्वत्र आहे. भाजीवाल्यांकडे पातीची जुडी सहज मिळते. गवती चहा (सिंबोपोगॉन सिट्रॅटस) हे गवत असून त्याच्या तेलात सिट्रल हा घटक प्रमुख असतो. लिंबाच्या सालीचा वासही मुख्यत्वे सिट्रलमुळेच येतो. म्हणजे काळ्या चहास लिंबूवर्गीय गंध देण्याची कल्पना मराठी स्वयंपाकघरास मुळीच नवी नाही.

दोहोंतील भेद मात्र महत्त्वाचा आहे. गवती चहाचे तेल पानाच्या पेशींत बंदिस्त असते व ते उकळल्याने बाहेर पडते. अर्ल ग्रेमधील तेल वाळलेल्या पत्तीच्या पृष्ठभागावर असते. पाणी उकळत राहिल्यास ते वाफेबरोबर उडून जाते. नेहमीच्या रीतीने पातेल्यात उकळलेला अर्ल ग्रे म्हणूनच निर्गंध व तुरट लागतो, आणि तो दोष चहाचा नसून कृतीचा असतो. दुधातील प्रथिने चहातील तुरट द्रव्यांशी संयोग पावतात, तर स्निग्धांश तेल धरून ठेवतो. त्यामुळे भरपूर दुधात दोहोंची धार बोथट होते. ज्यांना दूध हवेच असते, त्यांनी आसाम पत्तीचा अर्ल ग्रे घेऊन थोडे दूध वरून घालणे श्रेयस्कर.

निवड व परीक्षण : निरनिराळ्या चहांची तुलना एकाच पद्धतीने केली तरच अर्थपूर्ण ठरते. आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेच्या १९८० च्या मानकानुसार चवपरीक्षणासाठी १०० मिलि. उकळत्या पाण्यास २ ग्रॅ. चहा हे प्रमाण व ६ मिनिटांचा अवधी ठरविला आहे. या काढ्यात पत्तीचे दोष उघड होतात. पिण्यासाठी मात्र झाकण ठेवून ३ ते ४ मिनिटे मुरविलेला चहा पुरेसा असतो. प्रथम कोऱ्या पत्तीचा वास घ्यावा, मग मुरलेल्या पत्तीचा व शेवटी चहाचा. कोऱ्या पत्तीस उग्र वास, पण कपात केवळ कडवटपणा, अशी स्थिती असल्यास गंध भरपूर व पत्ती हलकी आहे असे समजावे. चांगल्या चहात घोट निवत गेल्यावरही पत्तीची चव गंधाखाली जाणवते. विंधन विहिरीच्या जड पाण्यात चहावर साय धरते व गंध मंदावतो, हेही ध्यानात घ्यावे.

आवडीचा ठरलेला चहा कायम तसाच राहील, याची हमी नसते. ट्वायनिंग्जने २०११ मध्ये आपल्या अर्ल ग्रेची कृती बदलली, तेव्हा जुन्या ग्राहकांनी इतका निषेध केला, की पूर्वीच्या कृतीचा चहा ‘क्लासिक’ म्हणून पुन्हा विक्रीस आणावा लागला. म्हणून केवळ छाप लक्षात न ठेवता आवडलेल्या चहाची पत्ती कोणत्या प्रदेशाची व तेल कोणत्या प्रकारचे, याची नोंद ठेवणे हिताचे असते; तिच्या आधारे तोलामोलाचा दुसरा चहा शोधता येतो.

सेवनाविषयी सावधगिरी : बर्गमॉट तेलात बर्गाप्टेन हे द्रव्य असते. ऑस्ट्रियात दिवसाला ४ लिटरपर्यंत अर्ल ग्रे पिणाऱ्या ४४ वर्षांच्या एका गृहस्थास स्नायूंत पेटके येऊ लागले व साधा काळा चहा घेऊ लागल्यावर ते थांबले, अशी नोंद ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. रोजच्या दोनतीन कपांस हे लागू नाही.

साठवण : चहाची पत्ती आर्द्रता व परके वास झपाट्याने शोषून घेते. हवेच्या संपर्काने लिमोनिनाचे ऑक्सिडीकरण होऊन टर्पेंटाइनसारखा शिळा वास येऊ लागतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, हा बिघाड लवकर होतो. यासाठी थोडाच चहा एका वेळी घेऊन घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, हिंग व मसाल्यांपासून दूर ठेवावा. गंध फारच तीव्र वाटल्यास त्याच जातीची साधी पत्ती निम्म्याने मिसळावी व आठवडाभर मुरू द्यावी. अशा मिश्रणातून अनेकदा विकतच्या कोणत्याही चहापेक्षा अधिक मनाजोगा चहा घरीच सिद्ध होतो.