पट्टा ताणला, की थांबायचं

पुण्यात सकाळी स्वारगेटहून सारसबागेकडे चालत गेलं, तर एखादा लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलर हमखास भेटतो. कुत्रा पुढे, पट्टा ताठ आणि मालक मागून फरफटत. ‘फार हट्टी आहे हो,’ असं मालक सांगतो. पण यात हट्ट कुठेच नाही. कुत्र्याने जोर लावला, मालक दोन पावलं पुढे गेला आणि खांबाशी असलेला वास कुत्र्याला मिळाला. ओढलं की मिळतं, हा धडा त्याला आपणच रोज देत असतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये खटक्याच्या पेटीत मांजरं कोंडून हेच पाहिलं होतं. ज्या हालचालीने दार उघडायचं, ती मांजर पुढच्या खेपेला लवकर करायचं. बाकीची धडपड हळूहळू गळून पडायची. पुढे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी दाखवलं, की बक्षीस दर वेळी न मिळता अधूनमधून मिळालं, तर सवय अधिकच चिवट होते. लॉटरीचं तिकीट घेणारा सहजासहजी थांबत नाही, तो यामुळेच. एरवी ओढू द्यायचं नाही आणि ऑफिसची घाई असली की ओढू द्यायचं, यातून कुत्रा ओढण्यात पटाईत होतो. घरातल्या एकानेच नियम पाळला, तरी परिणाम तोच.

उपाय सोपा आहे, पण संयमाची परीक्षा पाहणारा. पट्टा ताणला गेला, की जागच्या जागी उभं राहायचं. झटका द्यायचा नाही, ओरडायचं नाही. सुरुवातीला कुत्रा आणखी जोर लावेल. फळ मिळेनासं झालं, की सवय सुटण्याआधी एकदा उसळी घेते, आणि बहुतेक जण नेमके इथेच हार मानतात. थोड्या वेळाने तो मागे वळून बघतो किंवा एक पाऊल मागे येतो. पट्टा सैल पडून त्याची कडी खाली लोंबू लागते. त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणायचं, चिकनचा बारीक तुकडा आपल्या मांडीजवळ द्यायचा आणि चालू लागायचं. जागा महत्त्वाची, कारण खाऊ जिथे मिळतो तिथेच कुत्रा घुटमळतो.

मात्र पहिला धडा स्वारगेटच्या जेधे चौकात देऊ नये. एसटी आणि पीएमपीच्या गाड्या, हॉर्न, वडापावचे कागद, हद्द राखणारी भटकी कुत्री. या गदारोळात कुत्र्याला आपला आवाज ऐकूच येत नाही. सोसायटीचं पार्किंग, मग आतली शांत गल्ली आणि सर्वांत शेवटी मोठा रस्ता, असा क्रम ठेवावा.

काटेरी पट्टा किंवा गळा आवळणारी साखळी विकतच घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गळ्यातल्या पट्ट्यावर ताण आला, की कुत्र्याच्या डोळ्यांतला दाब वाढतो, छातीभोवती बांधायच्या हार्नेसने मात्र तसा वाढत नाही, असं २००६ मधल्या एका अभ्यासात आढळलं. पोर्तुगालमधल्या ९२ कुत्र्यांवरचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षेच्या धाकावर शिकवलेल्या कुत्र्यांच्या लाळेत प्रशिक्षणानंतर कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक जास्त वाढलेलं होतं. हार्नेस घेताना छातीवर कडी असलेला घ्यावा. पाठीवरची कडी असेल, तर कुत्र्याला बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांसारखा छातीचा सगळा जोर लावता येतो. छातीवरच्या कडीने ओढलं, की तो आपोआप आपल्याकडे वळतो. आपोआप लांबणारी दोरी सध्या नकोच. तिच्यात ताण सतत असतो आणि ओढलं की दोरी वाढते.

वास घेऊ देण्यात मात्र कंजुषी नको. संशोधक शार्लोट ड्युरांटोन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन आठवडे वास शोधण्याचे खेळ खेळलेली कुत्री, आत खाऊ आहे की नाही याची खात्री नसलेल्या वाटीकडे आधीपेक्षा लवकर गेली, म्हणजे ती अधिक आशावादी झाली. नुसतं पायाशी चालायला शिकवलेल्या कुत्र्यांत हा फरक दिसला नाही. तेव्हा ज्या खांबासाठी आपला कुत्रा एवढा जोर लावतो, तो खांबच बक्षीस म्हणून वापरावा. पट्टा सैल ठेवून चार पावलं चालला, की ‘जा’ म्हणावं आणि त्याला मनसोक्त हुंगू द्यावं.