पॉलिएथिलिनाचा भंग : उष्णता संस्करण व तापमान यांचा परिणाम

पॉलिएथिलीन हे एथिलिनाचे असंख्य रेणू लांब साखळीत जुळून बनलेले प्लॅस्टिक होय. इंग्लंडमध्ये ई. डब्ल्यू. फॉसेट व आर. ओ. गिब्सन यांना १९३३ साली उच्च दाबाच्या प्रयोगांत ते मिळाले. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल त्सीग्लर यांनी उत्प्रेरकाच्या साहाय्याने ते कमी दाबाखाली तयार करण्याची रीत शोधून काढली. ताणले असता ते तुटण्यापूर्वी पुष्कळ लांबते. तथापि अल्प ताणाखाली वर्षानुवर्षे राहिलेली याच प्लॅस्टिकची नळी मुळीच न फुगता, एखाद्या बारीक चिरेने, ठिसूळ पदार्थाप्रमाणे फुटू शकते. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात हवेचे तापमान ४०° से.च्या वर जाते आणि हिवाळ्यात ते कधीकधी ५° से.च्याही खाली उतरते. तेथे उघड्या शेतात पसरलेल्या ठिबक सिंचनाच्या नळ्यांच्या बाबतीत हा प्रश्न व्यवहाराचा आहे.

पॉलिएथिलीन अंशतः स्फटिकी असते. साखळ्यांच्या घड्या पडून पातळ स्फटिकी पटले बनतात व त्यांच्यामध्ये अव्यवस्थित भाग राहतो. काही साखळ्या एका पटलातून निघून शेजारच्या पटलात शिरतात. या बंधक साखळ्यांवर पदार्थाचा चिवटपणा अवलंबून असतो. ताण दीर्घकाळ टिकल्यास त्या हळूहळू गुंत्यातून सुटतात, चिरेच्या टोकाशी सूक्ष्म तंतू तयार होऊन तुटतात आणि चीर पुढे सरकते.

वितळलेले पॉलिएथिलीन कोणत्या गतीने थंड केले यावर ही रचना ठरते. जलद थंड केल्यास पटले पातळ व स्फटिकांचे प्रमाण कमी राहते, तर सावकाश थंड केल्यास पटले जाड होतात, कठीणपणा वाढतो, पण बंधक साखळ्या कमी पडून चिरेला विरोध घटतो. तयार वस्तू वितळबिंदूच्या (उच्च घनतेच्या प्रकारात सु. १३०° से.) खाली काही काळ तापवून ठेवण्यास अनुशीतन म्हणतात. त्याचे परिणाम दुहेरी आहेत. नळी बनविताना तिचा बाहेरचा पृष्ठभाग पाण्याने आधी थिजतो, आतला नंतर. त्यामुळे आतील बाजूस ताण अडकून राहतो. अनुशीतनाने हा ताण सैल होतो आणि हा निश्चित लाभ आहे. उलट अनुशीतन फार तीव्र झाल्यास पटले जाडावून ठिसूळपणा येतो. ‘तापविले म्हणजे बळकट झाले’ ही धातूंवरून घेतलेली समजूत येथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

थंडीने नळ्या तडकतात, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक पॉलिएथिलीन शून्याखाली बरेच खालपर्यंत चिवट राहते. परभणीची थंडी त्यास ठिसूळ करीत नाही. अपाय होतो तो आकुंचनाने. दर मीटरला, दर अंशाला सु. ०·२ मिमी. या हिशेबाने १०० मी. लांबीची नळी तापमान ३०° से.ने उतरताच सु. ६० सेंमी. आखडू पाहते. भर दुपारी ताणून बसविलेल्या नळीचे जोड रात्री ओढले जातात ते यामुळेच. म्हणून नळी सकाळी, थोडी सैल टाकावी.

उष्णतेचा परिणाम अधिक खोल असतो. तापमान वाढले की साखळ्या लवकर सुटतात, १०° से. वाढीने मंद भंगास लागणारा काळ बहुधा निम्म्याहूनही कमी होतो. या गुणधर्माचा उपयोग करून नळ्या ८०° से. इतक्या गरम पाण्यात दाबाखाली ठेवतात व त्यांच्या नेहमीच्या तापमानातील आयुष्याचा अंदाज काढतात. उन्हातील काळी नळी हवेपेक्षाही तापते. तरीही काळा रंग आवश्यकच आहे, कारण त्यातील सु. २·५% काजळी जंबुपार किरणांपासून साखळ्यांचे रक्षण करते. जमिनीखालच्या नळीला ऊन लागत नाही. पण काळी कापसाची जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिला वाकविणारे ताण पडतात.

जोडकामातही उष्णता संस्करण होतच असते. मोठ्या नळ्यांची टोके सु. २००–२२०° से. तापमानाच्या तव्यावर वितळवून एकमेकांवर दाबतात. जोड निवेपर्यंत दाब कायम ठेवावा लागतो. घाईने त्यावर पाणी ओतल्यास आत ताण अडकून तेथूनच चीर सुरू होण्याचा संभव असतो. लहान नळीचे टोक उघड्या जाळावर धरून मऊ करण्याने पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण होते. गरम पाण्यात बुडविणे पुरेसे असते.