स्टार्टअपमधील ॲजाइल : पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग उभा केला आणि शेतीसाठी सॉफ्टवेअर करण्याची कल्पना बारामती-इंदापूर पट्ट्यात घरोघरी पोहोचली. नवउद्योजकांसाठी याच ट्रस्टचे अटल इन्क्युबेशन सेंटरही आहे. उजनीकाठच्या पळसदेवात बसून चार-पाच जणांनी असा उद्योग उभारणे आता अशक्य राहिलेले नाही. अशा चमूला ॲजाइल पद्धत सुचवली जाते, म्हणजे साधारण पंधरवड्याच्या छोट्या टप्प्यांत काम करायचे आणि वापरणाऱ्याच्या प्रतिसादानुसार ते बदलत जायचे. मात्र या पद्धतीबाबत ऐकीव गोष्टीच जास्त फिरतात. त्या तपासून पाहायला हव्यात.

गैरसमज 1 : ॲजाइल ही मोठ्या आयटी कंपन्यांची चैन आहे, छोट्या स्टार्टअपला ती परवडत नाही.

हिंजवडीत नोकरी केलेल्यांनी ॲजाइल पाहिले ते प्रशिक्षक, प्रमाणपत्रे आणि महागड्या सॉफ्टवेअरसह. त्यामुळे हा समज होणे स्वाभाविक आहे. पण ही पद्धत मुळात लहान चमूंसाठीच घडली. ॲजाइलचाच एक प्रकार असलेल्या स्क्रमच्या 2020 च्या मार्गदर्शिकेनुसार चमू साधारणपणे दहा किंवा त्याहून कमी जणांचा असावा. मोठ्या कंपन्यांचा खर्च होतो तो अनेक चमूंची सांगड घालण्यावर. पाच जण एका खोलीत बसत असतील, तर भिंतीवरचा फळा आणि चिकटचिठ्ठ्या पुरतात.

गैरसमज 2 : ॲजाइल म्हणजे नियोजन नको आणि लेखी नोंदीही नकोत.

या समजाचे मूळ अर्धवट वाचनात आहे. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात 17 जणांनी ॲजाइलचा जाहीरनामा तयार केला. सर्वसमावेशक कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर मोलाचे, असे त्यात म्हटले आहे. पण कागदपत्रांनाही मोल आहे, हेही तिथेच स्पष्ट केले आहे. नियोजन टळत नाही, उलट दर पंधरवड्याला नव्याने करावे लागते. छोट्या चमूत तर नोंदी अधिकच गरजेच्या असतात. सर्व्हर कसा चालवायचा हे एकालाच ठाऊक असेल आणि तो सोडून गेला, तर सगळे काम अडते.

गैरसमज 3 : रोज सकाळी उभ्याने बैठक घेतली की ॲजाइल झाले.

बैठक डोळ्यांना दिसते, त्यामुळे तिचेच अनुकरण आधी होते. स्क्रममध्ये ही बैठक 15 मिनिटांची असते आणि ती चमूसाठी असते. साहेबांना हजेरी देण्यासाठी नव्हे. अडचण कुठे आहे आणि आज काय बदलायचे, हे त्यात ठरते. खरी कसोटी वेगळीच आहे : पंधरवड्याच्या शेवटी वापरणाऱ्याच्या हातात काही चालते पडले का, आणि त्याने सांगितल्यावर पुढचे काम बदलले का? दोन्ही उत्तरे नकारार्थी असतील, तर तो केवळ उपचार होय.

गैरसमज 4 : आडसाली ऊस दीड वर्षाचा, तिथे दोन आठवड्यांच्या टप्प्यांचा काय उपयोग?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस तोडणीला यायला 16 ते 18 महिने लागतात. उतारा वाढला की नाही हे त्याआधी कळत नाही, आणि उत्पादनवाढीचा दावा तोवर करूही नये. पण सल्ला उपयोगी पडतो का, हे कळायला तोडणीची वाट पाहावी लागत नाही. समजा, ॲप सकाळी ‘आज पाणी द्या’ असा संदेश पाठवते, आणि त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची आहे. सल्ला बिनचूक असूनही निरुपयोगी ठरतो. चमूने पहिल्याच पंधरवड्यात दोन-चार शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन विचारले, तर लाईटचे वेळापत्रक पाहून आदल्या संध्याकाळी संदेश पाठवण्याचा बदल लगेच करता येतो. पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहाचे छायाचित्र मिळत नाही, ओलावा मोजणारा सेन्सर आणि शेतकऱ्याने मुठीत दाबून पाहिलेली माती यांचे जुळत नाही, असेही प्रश्न असेच वर येतात. सेन्सरचे सर्किट दर पंधरा दिवसांनी बदलता येत नाही, हे मान्य. संदेशाची भाषा, वेळ आणि हिशेब मात्र बदलता येतात. पीक जितके लांब मुदतीचे, तितकी मधल्या तपासणीची गरज मोठी. एरवी चूक कळायला दीड वर्ष जाते आणि तोवर भांडवल संपते.

गैरसमज 5 : ॲजाइल म्हणजे निम्म्या वेळात दुप्पट काम.

स्क्रमचे एक जनक जेफ सदरलँड यांच्या 2014 च्या पुस्तकाच्या नावातच हे आश्वासन आहे, त्यामुळे समज पसरला यात नवल नाही. पण ही बचत मुख्यतः नको ते काम न केल्याने होते. रात्री जागवून ती साधत नाही. जाहीरनाम्याच्या 12 तत्त्वांपैकी एक तत्त्व असे की, कायम टिकेल अशा गतीनेच काम व्हावे. पाच जणांतला एक थकून बाजूला झाला, तर चमूचे एक-पंचमांश बळ जाते.

पद्धतीचे नाव काहीही ठेवा. शेतकऱ्याने दिलेले उत्तर आणि त्यानुसार झालेला बदल यांतले अंतर कमी करणे एवढेच तिचे काम आहे. स्टार्टअप चालवणाऱ्यांनी पुढच्या पंधरवड्यात एकच सोय पूर्ण करावी, ती शेतकऱ्याच्या मोबाइलवर चालवून पाहावी आणि तो काय म्हणतो ते लिहून घ्यावे. प्रमाणपत्राचा विचार त्यानंतर करावा.