भांडेवाडीचं विरजण

नागपुरात गटाराला 'गडरलाइन' म्हणतात. ती तुंबली की अख्खा मोहल्ला जागा होतो. वाहत असली की कुणाला तिची आठवणही येत नाही. अंबाझरीकडचा पश्चिम भाग उंच, पूर्वेकडचा सखल. नाग नदी त्याच उतारानं शहरातून वाहते आणि सांडपाणीही त्याच वाटेनं पूर्वेला, भांडेवाडीच्या शुद्धीकरण केंद्रांत पोचतं. असली केंद्रं गावाच्या खालच्या अंगाला बांधतात, कारण पाणी पंपानं चढवण्यापेक्षा उतारावर सोडणं स्वस्त. ती नजरेआड राहतात, हा वरचा फायदा.

आराखडा करणारा अभियंता आधी माणसं मोजतो. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरायचं. त्यातलं ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, गटारात परत येतं. २०११च्या जनगणनेतल्या २४ लाख नागपूरकरांचाच हिशेब केला तरी तो रोज जवळजवळ २६ कोटी लिटरवर जातो. शिवाय शहर आंघोळ करतं ते सकाळी, जवळजवळ एकदमच. त्यामुळे गटाराचे नळ आणि पंप सरासरीवर बेतून भागत नाही, त्या एका घाईच्या वेळेसाठी बेतावे लागतात. भांडेवाडीतल्या दोन मोठ्या केंद्रांची क्षमता रोज २० कोटी आणि १३ कोटी लिटरची आहे.

केंद्रात शिरताना आधी जाळ्या लागतात. चिंध्या, पिशव्या, निर्माल्य तिथं अडतं. मग वाळू बसवायची टाकी. तिथं पाणी सेकंदाला साधारण ३० सेंटिमीटर या चालीनं जावं लागतं. जोरात गेलं तर वाळू पुढं निसटते आणि पंपाची पाती खाते. फार रेंगाळलं तर वाळूबरोबर मैलाही बसतो आणि कुजतो.

खरं काम मात्र हवेच्या टाकीत होतं आणि ते यंत्र करत नाही, जिवाणू करतात. ही युक्ती १९१४ साली मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी जगापुढं मांडली. सांडपाण्यात हवा सोडायची, निवळू द्यायचं, वरचं पाणी काढायचं. पण तळाचा गाळ फेकायचा नाही, त्यावरच नवं सांडपाणी ओतायचं. दर खेपेला शुद्धीकरण लवकर होऊ लागलं आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्या घरातल्या कुठल्याही आजीला याचं नवल वाटलं नसतं. कालच्या दह्यातलं चमचाभर राखून आजचं दूध लावायचं, तसंच हे. आर्डर्न आणि लॉकेट यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले.

विरजण म्हटलं की ते बिघडण्याची धास्तीही आलीच. म्हणून कर्मचारी टाकीतलं एक लिटर पाणी काचेच्या उभ्या नळकांड्यात भरतात आणि अर्धा तास स्वस्थ ठेवतात. तपकिरी गाळ तळाशी नीट बसला, वास ओल्या मातीसारखा आला, की सगळं ठीक. गाळ फुगून वर राहिला तर तंतूंसारखे जिवाणू माजले आहेत. काळा पडून सडक्या अंड्यांचा वास सुटला तर हवा कमी पडते आहे. कारखान्यानं चोरून सोडलेलं ॲसिड आलं तर अख्खं विरजणच मरतं आणि पुन्हा लावायला दिवसचे दिवस जातात.

या जिवाणूंना हवा पुरवणारे ब्लोअर रात्रंदिवस चालतात. केंद्राच्या वीजबिलात सर्वांत मोठा वाटा त्यांचाच. आणि नागपूरची गंमत इथंच आहे: १३ कोटी लिटरच्या केंद्रातून निघालेलं पाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला जातं. तिथल्या ६६० मेगावॉटच्या तीन संचांना थंड ठेवायला पाणी लागतं आणि त्यातलं बरंचसं मनोऱ्यांवरून वाफ होऊन उडून जातं. त्यासाठी पेंच धरणाचं, नागपूरकरांच्या पिण्याचंच पाणी खर्चण्यापेक्षा त्यांच्या आंघोळीचं वापरणं केव्हाही शहाणपणाचं. महाराष्ट्रातल्या इतर शहरांनी नागपूरकडून उचलावं असं काही असेल तर ते हे.

पण केंद्र कितीही मोठं बांधलं तरी ते गडरलाइनमधून आलेलंच पाणी धुतं. जे गडरलाइनला न लागता थेट नाल्यात पडतं, ते नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला मिळतं आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जाऊन थांबतं.